कुलूप नाट्यगृहाला आहे

पुणे, 9 मे 2021

चि. छोटीस,


परवा फोनवर म्हणालीस, ‘मामा, असंच चाललं तर मी लाईट करायचं विसरून जाईन.’ फोनवर नुसता धीर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पोटाचं बघू. आपण नाईटवर जगणारी माणसं. प्रयोग नाही तर पैसा नाही. गेल्या नोव्हेंबरात, नेमक्या रंगभूमीदिनी, निम्म्या खुर्च्यांवर नाट्यगृहं उघडली आणि या एप्रिलात कोरोनामुळे पुन्हा कुलपं लागली. आता कधीतरी उघडतील या भरवशावर घरभाडं भरता येत नाही. औषधांच्या दुकानातली हिशेबाची नोकरी चालून आलीय ना? घे. त्यात कसलाही कमीपणा मानू नकोस.

साथीच्या काळात शेक्सपिअरने अजरामर नाटक लिहिलं, असे मेसेज तुलाही आले असतील. ते वाचून स्वतःला दोष देऊ नकोस. मला त्याच्या आयुष्यातला जरा आधीचा काळ जवळचा वाटतो. 1592 ते 1594 या काळात प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहं बहुतेक बंदच होती. तेव्हा त्याने दोन दीर्घ कथाकाव्यं छापून एका तरुण सरदाराला अर्पण केली. नाटक चालत नव्हतं, तर आश्रयदाता शोधला. नाट्यगृहं उघडल्यावर 1594 मध्ये तो एका नव्या नाटकमंडळीचा भागीदार झाला. कमाईची वाट बदलली, पण शब्दांवरचा हात त्याने सुटू दिला नाही. तुझा हात उजेडावर आहे. तो सुटू देऊ नकोस.

आपलं निम्मं काम पहिला दिवा लागण्याआधी होतं, आणि त्या निम्म्याला कुणी कुलूप लावलेलं नाही. संहिता वाचायची, उजेडबदलाचे क्यू काढायचे, अंधार किती ठेवायचा ते ठरवायचं. प्रयोगांच्या धबडग्यात हेच घाईघाईने उरकलं जातं. आता सावकाश कर. घरातल्या खिडकीतून सकाळी आठला ऊन कुठे पडतं, दुपारी भिंतीवरून उलटून चेहऱ्यावर कसं येतं, संध्याकाळी ट्यूब लावली की माणसाचे डोळे कसे दिसतात, हे रोज वहीत टिपून ठेव. रंगमंचावर ‘दुपार’ करताना आपण सवयीने जे फिल्टर लावतो, ते खरे किती आणि ऐकीव किती, हे त्यातूनच कळेल.

ऑनलाइनला नाकं मुरडू नकोस. गेल्या वर्षी हृषीकेश जोशी यांनी ‘मोगरा’ हे नाटक ऑनलाइन आणलं; कलाकार आपापल्या घरून काम करत होते. तो अनुभव नाट्यगृहाचा नव्हे, हे कबूल. पण वेगवेगळ्या घरांतले उजेड एकाच नाटकाचे कसे वाटतील, हा प्रश्न प्रकाशयोजनाकाराचाच आहे. असं काम आलं तर कर आणि मानधन ठरवूनच कर.

नाट्यगृह नसण्यातूनही आपल्याकडे नाटक घडलंय. 1974 मध्ये ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. सोयी तुटपुंज्या होत्या, तरी प्रायोगिक रंगभूमीची एक पिढी तिथे तयार झाली.

आता अभ्यास देतो. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पुन्हा वाच. सगळं नाटक गावातल्या एका सभागृहात घडतं. समज, प्रयोगही तसल्याच सभागृहात आहे आणि तुझ्याकडे हजार वॉटचे आठच दिवे आहेत. 230 व्होल्टवर आठांचा भार जवळपास 35 अँपिअर होतो. गावच्या सभागृहाच्या जोडणीला तो झेपणार नसेल, तर एका वेळी कोणते दिवे लावशील? नाटकातला गमतीचा खटला नायिका बेणारेच्या अंगावर येतो, तेव्हा उजेड बदलशील की तसाच ठेवशील? तिच्या शेवटच्या स्वगताला काय करशील? प्रत्येक क्यूपुढे कारण लिही. ‘छान दिसतं’ हे कारण मी धरणार नाही.

पुढच्या रविवारपर्यंत क्यूशीट पाठव. सोमवारी संध्याकाळी फोन करतो, तेव्हा वही आणि पेन्सिल घेऊन बस. आणि नोकरीचं काय ठरवलंस, तेही कळव.

तुझा,
मामा