झावळ्यांपासून गांडूळखत : वाडीतील भगिनींसाठी जोडधंदा

कोकणच्या नारळवाडीत झावळ्या गोळा करण्याचे काम बहुधा स्त्रियांकडेच असते. एक माड वर्षाला सुमारे १२ झावळ्या टाकतो. खराट्यासाठी हीर काढले की उरलेला पाला जाळला जातो आणि खत मात्र विकत आणले जाते!

झावळी चिवट असल्याने लवकर कुजत नाही. त्यावर केरळातील कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेने सोपी रीत दिली आहे.

कृती : देठाकडचा जाड भाग काढून जुन्या झावळ्यांचे तुकडे करावेत. १० किलो पाल्यास १ किलो शेण पाण्यात कालवून शिंपडावे. ढीग दोन-तीन आठवडे ओलसर ठेवावा. आतली ऊब निवल्यावर टनामागे १ किलो गांडुळे सोडावीत. वर सावली असावी, पाणी साचू देऊ नये. मुंग्या व कोंबड्यांपासून जपावे. पुढे अडीच-तीन महिन्यांत १०० किलो पाल्यामागे सुमारे ७० किलो खत मिळते.

आधी आपल्या माडांना घालावे, उरलेले विकावे. वजन वाढावे म्हणून खत भिजवू नये. अशा कमाईत बरकत नसते. स्त्रीच्या कमाईवर तिचाच हक्क इस्लामने मानला आहे. म्हणून राबणारी ती आणि पासबुक दुसऱ्याचे, असे होऊ नये.