अनेकांचे हात

सावनेर हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. भोवतालच्या शिवारात कापूस आणि संत्री पिकतात. बागेतले संत्रे दूरच्या शहरात पोहोचेपर्यंत त्याला कितीतरी हात लागतात! कोणी ते अलगद तोडतो, कोणी तोलतो, हमाल पेट्या मालमोटारीत चढवितो आणि चालक रात्रभर गाडी हाकतो. हमालाने पेटी आदळली, तर तळची फळे दबतात. दबलेले एक फळ शेजारच्या फळांनाही नासविते. एकाच्या हयगयीने सर्वांचे श्रम वाया जातात.

मग या निरनिराळ्या माणसांचे सूत जमावे कसे? गोड शब्दांनी ते जमते; परंतु टिकते ते न्यायानेच. माथ्यावर ओझी वाहणारा तो माथाडी कामगार. आज एका व्यापाऱ्याकडे, तर उद्या दुसऱ्याकडे, असे त्याचे काम. त्यामुळे पूर्वी त्याची जबाबदारी कोणीच घेत नसे. अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले. १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. या कायद्यान्वये नेमलेल्या मंडळात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात. शासनाचेही प्रतिनिधी असतात. मालकाने मजुरी मंडळाकडे भरावयाची आणि मंडळाने ती कामगारास द्यावयाची, असा नियम आहे. अशा रीतीने मालक व मजूर यांना शेजारी बसून बोलण्याची जागा मिळाली.

ओझे एकाच्याच माथ्यावर असते. परंतु ते उचलून देताना दुसऱ्याचा हात लागतोच. त्या हाताची जाण ठेवणे, हाच सहकार्याचा पहिला धडा होय.