अनामिकांची सभा

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शाळेत असताना, आठवीच्या वर्गास आम्ही ‘आमच्या घरची संध्याकाळ’ हा निबंध लिहावयास दिला होता. एका मुलाने चारच ओळी लिहिल्या. बाबा घरी येईपर्यंत संध्याकाळ चांगली असते, अशी त्यांतील शेवटची ओळ होती. आम्ही त्यास बाजूला घेऊन विचारपूस केली आणि, आज लिहिताना संकोच वाटतो, ‘बाटली सापडली की मोरीत ओतून टाकीत जा’ असा सल्ला दिला. तो सल्ला चुकीचा होता. का चुकीचा होता, हे आम्हांस पुढे एका सभेत समजले. त्या सभेची माहिती विद्यार्थ्यांस व पालकांस व्हावी, एवढ्यासाठी हा लेख.

आमच्या गोमंतकात दारूस ‘सोरो’ म्हणतात आणि पिणाऱ्यास ‘बेबदो’. रंगभूमीवर बेबदो आला की प्रेक्षक पोट धरून हसतात. ज्यांच्या घरात तो असतो, तेही चारचौघांत हसतात; न हसावे तर गुपित फुटेल अशी त्यांना भीती असते.

या सभांचा उगम अमेरिकेत, ओहायो राज्यातील अॅक्रन या गावी झाला. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात काम करणारा बिल विल्सन १९३५ च्या मे महिन्यात व्यवहारासाठी तेथे गेला होता. त्याची दारू सुटून जेमतेम पाच महिने झाले होते. व्यवहार फसला. हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा उभा होता, आणि पलीकडील मद्यगृहातील गजबज कानी येत होती. आपण आत्ता दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्याशी बोललो नाही तर आपणच पिऊ, हे त्याने ओळखले व दूरध्वनीवरून चौकशी आरंभिली. त्यातून डॉक्टर बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याशी गाठ पडली. डॉक्टर केवळ पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते. बसले ते सहा तासांहून अधिक. बिलने उपदेश केला नाही. स्वतःची कहाणी सांगितली. डॉक्टरांस उपदेश करणारे पुष्कळ भेटले होते, पण आपल्यासारखाच बुडून वर आलेला मनुष्य प्रथमच भेटत होता.

त्यानंतरही डॉक्टर एकदा घसरले. १० जून १९३५ रोजी त्यांस शस्त्रक्रिया करावयाची होती आणि हात थरथरत होते. तेव्हा बिलनेच त्यांस बिअरची एक बाटली दिली. ती अखेरची. तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या संघटनेचा स्थापनादिन मानतात. (येथे एक गोष्ट सांगून ठेवतो: फार वर्षे अतोनात पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. हात थरथरणे ही त्याची पहिली खूण होय. अशा वेळी आधी डॉक्टर, मग सभा.)

या संघटनेच्या सभा आज गोव्यातही भरतात. आम्ही गेलो ती खुली सभा होती, म्हणजे कोणीही जाऊन ऐकावे अशी. बंद सभेस फक्त पिण्याच्या व्याधीने ग्रासलेलेच बसतात. एका चर्चच्या बाजूची खोली, वर्तुळात मांडलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाची किटली. प्रवेशफी नाही, आडनाव नाही, हुद्दा नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. एक पोक्त गृहस्थ उठले आणि कोंकणीत म्हणाले, ‘हांव बेबदो.’ कोणी हसले नाही. रंगभूमीवरचाच तो शब्द; पण तेथे तो ऐकताना आमची मान खाली गेली.

एकाने बोलावे, इतरांनी ऐकावे. मध्येच सल्ला देऊ नये, असा तेथील शिरस्ता. आम्हां शिक्षकांस हा नियम फार जड जातो! जन्मभर पिणार नाही अशी शपथ कोणी घेत नाही. आजचा दिवस तेवढा टाळावयाचा. खर्चासाठी सभासदांतच थाळी फिरते, बाहेरची देणगी घेत नाहीत. बारा पायऱ्यांच्या या मार्गात ईश्वराचा उल्लेख येतो, तो काहींस मानवत नाही. सर्वांनाच हा मार्ग लाभतो असेही नाही. तथापि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन समीक्षेत २७ अभ्यास एकत्र तपासले गेले, आणि संपूर्ण दारूबंद राहण्याच्या बाबतीत हा मार्ग इतर उपचारांच्या तोडीचा, किंबहुना सरस ठरला.

आता घरच्या माणसांविषयी. बिलची दारू सुटल्यावर एके दिवशी त्याने पत्नी लोइस हिला सभेस चलण्याची घाई केली, तर तिने रागाने जोडा फेकून मारला. नवरा सुधारला आणि आपण मात्र संतापाने भरलेलेच, हे पाहून ती स्वतःच चकित झाली. त्यातूनच पुढे १९५१ साली कुटुंबीयांसाठी ‘अल-अॅनॉन’ निघाली. १९५७ साली कॅलिफोर्नियातील एका सतरा वर्षांच्या मुलाने आपल्यासारख्या मुलांसाठी गट काढला, तो ‘अलाटीन’. आपल्याकडे पुण्यास डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली उभारलेल्या ‘मुक्तांगण’मध्येही पत्नींचा निराळा गट असतो, त्याचे ‘सहचरी’ हे नाव आम्हांस फार आवडते.

या कुटुंबीयांच्या सभांत सांगतात ते असे: ही व्याधी तुम्ही निर्माण केली नाही, ती तुमच्या ताब्यात नाही, आणि ती बरी करणेही तुमच्या हाती नाही. बाटली ओतून टाकणारा मुलगा पहारेकरी होतो. दुसरी बाटली आली की तो स्वतःस हरलेला समजतो, आणि प्रसंगी मारही खातो. तेरा वर्षांच्या मुलावर आम्ही हे काम सोपविले होते.

आम्ही त्याच्या घरी गेलो, सल्ला परत घेतला आणि त्याच्या आईस सभेचा पत्ता दिला. तिने दोन महिने काही केले नाही, मग गेली. वडील अद्याप पितात. पण दर गुरुवारी साडेपाचला ती घरातून निघते, आणि मुलगा दप्तर घेऊन शेजारच्या वाड्यावर आजीकडे अभ्यासास जातो.