मागणी नेमकी, तर खरेदी नेटकी
— ऊस विकास अधिकारी



या अंकात लागण, खत, बेणे या नेहमीच्या विषयांऐवजी आम्ही खरेदीबद्दल लिहीत आहोत. विषय थोडा रुक्ष वाटेल, पण यात आपल्या सर्वांचा पैसा आहे. आणि सुरुवात आमच्याच एका चुकीने करतो, म्हणजे पुढचे पटेल.

काही वर्षांपूर्वी एका गावातील सभासदांनी ठरविले, की पाईपलाईनचे सामान एकत्र घ्यायचे. एकत्र घेतले तर भाव उतरतो, हा सहकाराचा पहिलाच धडा. मागणीपत्रक आमच्या विभागाने तयार करून दिले. त्यात लिहिले होते, "तीन इंची पीव्हीसी पाईप, चांगल्या प्रतीचा." तिघांकडून भाव आले. ज्याचा भाव सर्वांत खाली, त्याला ऑर्डर दिली. पाईप आले, चर खणले, लाईन पुरली. ओढ्याकाठची विहीर आणि वर माळावर ऊस. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोटर सुरू करून वरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि लाईन दोन ठिकाणी फुटली.

धावपळ करून तालुक्याच्या दुकानातून तीन इंची पाईप आणला, तर तो जुन्या पाईपला बसेना. पहिला ९० मिलिमीटरचा होता, दुसरा ७५ चा. दोघेही दुकानदार त्याला तीन इंचीच म्हणत होते. ऐन उन्हात त्या खोडव्याला बारा दिवस पाणी मिळाले नाही. विक्रेत्याला जाब विचारायला गेलो तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमच्या कागदावर दाब लिहिलाय कुठं? तीन इंची मागितला, तीन इंची दिला." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आमच्या हातात भांडायला कागदच नव्हता.

तिघांचे भाव आम्ही पुन्हा काढून पाहिले. एकाचा पाईप ७५ मिमी, ४ किलो दाबाचा. दुसऱ्याचा ९० मिमी, २.५ किलोचा. तिसऱ्याचा ९० मिमी, ६ किलोचा. म्हणजे आम्ही तीन भावांची तुलना केलीच नव्हती, तीन वेगळ्या वस्तूंची केली होती. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे सुमारे १ किलो दाब. माळ विहिरीपासून पंचवीस मीटर वर, त्यात घर्षण आणि व्हॉल्व्ह बंद करताना बसणारा धक्का. तिथे २.५ किलोचा पाईप टिकणारच नव्हता.

पूर्ण नाव म्हणजे काय?

पीव्हीसी पाईपसाठी भारतीय मानक आहे, आयएस ४९८५. त्यात पाईपचे माप बाहेरच्या व्यासावरून मिलिमीटरमध्ये धरतात आणि दाबाप्रमाणे वर्ग पाडलेले आहेत. "पीव्हीसी पाईप, आयएस ४९८५, ९० मिमी, ६ किलो दाब, ६ मीटर लांबी, भाव प्रति मीटर" एवढी एक ओळ आम्ही लिहिली असती, तर तिन्ही विक्रेत्यांना एकाच वस्तूचा भाव द्यावा लागला असता. चुकीचा माल आला असता तर परतही करता आला असता. "चांगल्या प्रतीचा" या शब्दांना बाजारात काही अर्थ नाही. वाईट प्रतीचा माल आहे असे कोणता दुकानदार सांगतो?

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. खताच्या दुकानात आपण "१०:२६:२६ द्या" म्हणतो. कंपनी कोणतीही असो, त्यात १० टक्के नत्र, २६ टक्के स्फुरद, २६ टक्के पालाश, हे आकड्यातच आले. उसाच्या जातीचेही तसेच. को ८६०३२ यातील "को" म्हणजे कोईमतूर. को एम ०२६५ मधील "एम" म्हणजे महाराष्ट्र. कोणी नुसते "बत्तीस" म्हणतो, कोणी "नीरा". आमच्या चिटबॉयने जसे ऐकले तसे लिहिले, तर एकाच जातीची तीन नावांनी नोंद होते आणि तोडणीचा कार्यक्रम चुकतो. पूर्ण नाव असले की कोल्हापूरच्या माणसाचे नगरच्या माणसाला कळते.

मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे ६२०५ हा बेअरिंगचा नंबर आपण ऐकलेला असेल. शेवटचे दोन आकडे ०५, त्याला पाचाने गुणले की २५ मिलिमीटर, हे आतल्या भोकाचे माप. बाहेरचा व्यास ५२, रुंदी १५. जगातल्या कोणत्याही चांगल्या कंपनीचा ६२०५ घ्या, मापे हीच. पण पुढची अक्षरेही लिहावी लागतात. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचे झाकण, टूआरएस म्हणजे रबराचे, सी३ म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त ढील. अक्षर गाळले तर बेअरिंग बसेल, पण कामाचा निघेलच असे नाही.

हा धडा जग कसे शिकले

७ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क अशा शहरांतून बंब मदतीला धावले. पण अनेकांच्या होजची जोडणी बाल्टिमोरच्या नळांना बसेना, कारण प्रत्येक शहराचे आटे वेगळे होते. बंब आहेत, माणसे आहेत, पाणी आहे, तरी उपयोग नाही. दीड हजारांवर इमारती जळाल्या. त्यानंतर जोडणीच्या मापाचे राष्ट्रीय मानक ठरले. माळावर दोन तीन इंची पाईप हातात घेऊन उभे असताना आमची गत काही वेगळी नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात तिथल्या लष्कराच्या निरनिराळ्या खात्यांत एकच सुटा भाग निरनिराळ्या नावांनी ठेवलेला असे. एका गोदामात ढीग, दुसऱ्यात टंचाई, आणि माल एकच! पुढे १९५२ मध्ये त्यांनी कायदा करून सर्व खात्यांसाठी एकच यादी केली. आज नाटो देशांत प्रत्येक भागाला तेरा आकडी क्रमांक असतो.

कारखान्याच्या स्टोअरमध्ये

ऑफ सीझनला आपला कारखाना खोलतात, तेव्हा शेकडो वस्तूंची मागणी निघते. पंप विभाग मागतो "पंपाचे बेअरिंग", पॅन विभाग "छोटे बेअरिंग", वर्कशॉप "मोटर बेअरिंग". तिन्ही ६२०५ असू शकतात. रजिस्टरला तीन पाने, तीन ऑर्डरी, तीन भाव. एका पानावर शिल्लक पडून, दुसऱ्यावर निरंक. मग गळीत चालू असताना रात्री दोनला मशीन बंद पडते आणि माणूस शहरात पाठवावा लागतो. तोपर्यंत तोडलेला ऊस गव्हाणीपुढे वाळतो. वजन घटते, साखर उतारा घटतो. हा तोटा कुठल्या एका खात्याचा नाही, तो शेवटी आपल्या ऊसदरातून जातो.

यावर उपाय साधा आहे, फक्त चिकाटी पाहिजे. वस्तू एक, तर नाव एक, कोड एक, पान एक. विक्रेत्याला कोरा कागद न पाठवता तक्ता पाठवायचा आणि प्रत्येक रकान्यात माप, मानक, क्षमता त्यानेच भरून द्यायची. शेजारच्या कारखान्यांनीही हीच नावे वापरली, तर अडचणीच्या वेळी फोनवर "६२०५ झेडझेड सी३ आहे का?" एवढे विचारले की काम होते. २०२२ पासून सरकारी ई-मार्केटप्लेसवर, म्हणजे जेम पोर्टलवर, सहकारी संस्थांनाही खरेदीची वाट मोकळी झाली आहे. पण तिथेही वस्तूचे वर्णन नेमके असेल तरच फायदा.

इथे एक गैरसमज दूर करू. बिलावर एचएसएन क्रमांक असतो, तोच वस्तूचा कोड समजू नका. तो करासाठी आहे. सगळे बॉल बेअरिंग, लहान असो की मोठे, ८४८२ १० या एकाच शीर्षाखाली येतात. त्यावरून कर कळतो, माप कळत नाही.

ठिबक घेताना

आता सर्वांच्या जिव्हाळ्याचे. "इनलाईन ठिबक, एक एकर" एवढ्यावर भाव मागू नका. हिशेब बघा. पाच फुटी, म्हणजे दीड मीटर सरीला एकरी सुमारे २,७०० मीटर नळी लागते. ड्रिपरमधील अंतर ४० सेंमी धरले तर सुमारे ६,७५० ड्रिपर झाले. ताशी ४ लिटरचा ड्रिपर असेल तर एकरी ताशी सुमारे २७,००० लिटर पाणी पाहिजे. २ लिटरचा असेल तर १३,५००. नळी दिसायला एकच, पण आपली मोटर एकाला पुरेल आणि दुसऱ्याला अर्ध्या वाफ्यातच दम सोडेल. म्हणून लिहा: इनलाईन नळी, आयएस १३४८८, १६ मिमी, वर्ग अमुक, अंतर ४० सेंमी, प्रवाह ताशी इतके लिटर, भाव प्रति मीटर.

एककही विसरू नका. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची होती, २०१८ पासून ४५ किलोची झाली. ४६ टक्क्यांनी तिच्यात २०.७ किलो नत्र येते, २३ नव्हे. गोण्या मोजून खत टाकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

मागणी लिहिण्यापूर्वी पाच प्रश्न

१. वस्तू कोणती?
२. माप किती, आणि कोणत्या एककात?
३. दाब, प्रवाह, अश्वशक्ती किंवा वर्ग कोणता?
४. भारतीय मानकाचा क्रमांक कोणता?
५. भाव कशावर? मीटर, किलो, नग की गोणी?

मालावर आयएसआय चिन्ह असेल तर वरच्या बाजूला मानक क्रमांक आणि खाली सीएम/एल हा परवाना क्रमांक बघा. मोबाईलवरील बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की परवाना खरा की खोटा ते कळते. घरातल्या शिकणाऱ्या मुलाला किंवा सुनेला सांगा, दोन मिनिटांचे काम आहे.

एक मात्र खरे, की मानक क्रमांक लिहिला म्हणजे विचार संपला असे नाही. आमच्या त्या माळाला किती दाबाचा पाईप हवा, हे मानक सांगत नाही. ते उंची मोजून आपणच ठरवायचे. ठरविलेले विक्रेत्यापर्यंत जसेच्या तसे पोचावे, एवढ्यासाठी ही भाषा आहे.

यापुढे गटवार एकत्र खरेदीची मागणी या पाच रकान्यांच्या तक्त्यावरच घेण्याचे आमच्या विभागाने ठरविले आहे. तक्ते गट ऑफिसात ठेवले आहेत. एखादा रकाना भरता आला नाही तर तो कोरा ठेवा आणि आमच्या माणसाला विचारा, पण अंदाजाने "चांगल्या प्रतीचा" असे लिहू नका. ते एकदा आम्ही लिहून पाहिले आहे. त्याची किंमत एका सभासदाच्या खोडव्याने दिली.