अपघात होता होता राहिला, त्याची नोंद कोण ठेवतं?

प्रश्न : आमचा मुलगा रोज मानेवाड्याहून हिंगणा एमआयडीसीत मोटरसायकलने कामाला जातो. आठवड्यातून एकदा तरी घरी आल्यावर ‘आई, आज थोडक्यात वाचलो’ असं सांगतो आणि जेवायला बसतो. झालेल्या अपघातांचे आकडे पेपरात येतात. पण जे होता होता राहतात, ते कुणी मोजतं का? मोजले तर त्यातून काही कळतं का, की देवाचे आभार मानून सोडून द्यायचं?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : देवाचे आभार जरूर माना, पण सोडून देऊ नका. असे प्रसंग मोजतात, आणि त्यासाठी तुम्हाला दूर जायला नको. सप्टेंबर 2021मध्ये तुमच्याच नागपुरात ‘आयरास्ते’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. नागपूर महापालिका, इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि महिंद्रा अँड महिंद्रा त्यात एकत्र आले. ‘आपली बस’च्या गाड्यांमध्ये समोरच्या काचेमागे कॅमेऱ्याचं यंत्र बसवलं गेलं. पुढची गाडी किंवा पायी जाणारा माणूस धोक्याच्या अंतरात आला की ते आवाज करून चालकाला सावध करतं. चालक ब्रेक दाबतो, बस पुढे निघून जाते. पोलिसांच्या दप्तरी काहीच झालेलं नसतं. यंत्राकडे मात्र ती वेळ आणि ती जागा टिपलेली राहते.

अशा असंख्य फेऱ्यांच्या नोंदी नकाशावर मांडल्या की एक गोष्ट समोर येते. हे प्रसंग शहरभर सारखे पसरलेले नसतात. काही चौक, काही वळणं, रस्त्याचे काही तुकडे असे असतात की तिथे ते पुन्हा पुन्हा घडतात. अशा जागांना ‘ग्रे स्पॉट’ म्हणतात. अजून फारसं रक्त सांडलेलं नाही, पण लक्षण ठीक नाही, अशी जागा.

याचं महत्त्व समजायला ‘ब्लॅक स्पॉट’ची सरकारी व्याख्या पाहा. राष्ट्रीय महामार्गाचा सुमारे 500 मीटरचा तुकडा ब्लॅक स्पॉट ठरायचा, तर तिथे तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावे लागतात, किंवा दहा माणसं दगावावी लागतात. जागा वाईट आहे हे सिद्ध करायला आधी माणसं द्यायची, ही पद्धत मला सहन होत नाही. देशात 2022 साली रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यांतली जवळपास 75 हजार दुचाकीवरची होती. इतकी किंमत मोजून मिळणारी माहिती कुणाच्याही अंगाला ओरखडा न उठता मिळत असेल, तर तिची कदर करायलाच हवी.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या अभियंत्यांनी 1967-68च्या सुमारास चौकात निरीक्षक उभे करून ‘टक्कर टळली’ असे प्रसंग मोजायला सुरुवात केली. पुढे स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात क्रिस्टर हायडेन यांनी त्याचं शास्त्र बसवलं. दोन्ही गाड्या त्याच वेगाने, त्याच दिशेने जात राहिल्या असत्या तर किती सेकंदांनी धडकल्या असत्या, हे त्यांचं माप. सेकंद जितके कमी आणि वेग जितका जास्त, तितका प्रसंग गंभीर. निरीक्षकांनी काही दिवस चौकात बसून जे टिपलं, त्यावरून पुढे काय होऊ शकतं याचा अंदाज बांधता येऊ लागला.

मात्र बसचा कॅमेरा बससमोरचंच बघतो. मानेवाड्याच्या आतल्या गल्लीत दोन दुचाकी समोरासमोर येऊन थबकल्या, तर ते कुठल्याच नकाशावर उमटत नाही. ती नोंद फक्त तुमच्या मुलापाशी आहे, म्हणून त्याने ती कशी ठेवावी याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

बालंबाल वाचलेला माणूस पहिली गोष्ट कुठली शिकतो? बहुतेक वेळा चुकीची. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असं म्हणून तो मोकळा होतो. तरुण असेल तर मनाशी आणखी एक धडा घेतो : आपला हात चांगला आहे, आपण गाडी काढली. दुसऱ्या दिवशी त्याच चौकात तो त्याच वेगाने येतो, कारण काल त्या वेगात निभावलं होतं. टळलेला अपघात जाणीव वाढवण्याऐवजी धीटपणा वाढवतो, हा यातला खरा धोका. म्हणून ‘मी कसा वाचलो’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘पाच सेकंद आधी मी काय करत होतो’ असं विचारायला हवं.

हे पाच सेकंद कुठून आणले ते सांगतो. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिसमधल्या सुमारे नऊशे मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. त्याचा अहवाल 1981मध्ये आला. दुसरं वाहन गुंतलेल्या अपघातांत सुमारे दोन तृतीयांश वेळा चूक त्या दुसऱ्या वाहनाची होती. समोरून येणारी कार मोटरसायकलच्या वाटेत वळली, हा त्यांतला सगळ्यात नेहमीचा प्रकार. ‘तो दिसलाच नाही’ असं कारवाले सांगत, आणि पुष्कळदा ते खरंही असे. पण आपल्या कामाचं त्यापुढे आहे. धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत मोटरसायकलवाल्याच्या हाती साधारण दोन सेकंदांहूनही कमी वेळ होता. त्यातही बहुतेकांनी मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसरवलं आणि पुढच्या ब्रेकचा पुरेसा उपयोगच केला नाही.

दोन सेकंदांत शहाणपण सुचत नाही. हात सवयीने जे करतो, तेच घडतं. म्हणजे वाचायचं असेल तर निर्णय त्या दोन सेकंदांच्या आधी झालेला पाहिजे.

हिशेब करून पाहू. ताशी 40 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. धोका कळून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरा, नंतर कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावून थांबायला आणखी दहाएक मीटर. म्हणजे सगळे मिळून 21 मीटर. वेग 60 केला तर हेच अंतर 40 मीटरच्या घरात जातं. आता दोघांसमोर एकाच अंतरावर कार आडवी आली असं समजा. जिथे 40वाला पूर्ण थांबलेला असतो, तिथे 60वाल्याची गाडी अजून ताशी 50हून अधिक वेगात असते, कारण त्याने ब्रेक नुकताच धरलेला असतो. चौकाच्या अलीकडे बोटं ब्रेकवर ठेवणं आणि वेग थोडा उतरवणं याचा फायदा एवढा मोठा आहे.

आता कारवाल्याला आपण दिसत का नाही, तेही बघा. समोरून पाहिलं तर मोटरसायकल म्हणजे एक अरुंद उभी आकृती. येणाऱ्या वस्तूचा वेग डोळा तिच्या वाढत्या आकारावरून जोखतो. लहान वस्तूचा आकार बराच वेळ वाढल्यासारखा वाटतच नाही, आणि मग एकदम अंगावर येतो. म्हणून ‘अजून लांब आहे’ असं समजून माणूस वळतो. शिवाय कारच्या समोरच्या काचेशेजारचा खांब अख्खी मोटरसायकल झाकू शकतो. चालकाने एकदा मान फिरवून पाहिलं तरी ती त्या खांबाआडच राहते. एप्रिल 2017पासून आपल्याकडच्या नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही चालू राहतो, तो याच कारणाने. बाकीचं काम चालवणाऱ्याचं. उजवीकडे वळायला थांबलेली कार दिसली की तिचं पुढचं चाक बघावं, कारण गाडी हलायला लागली की ती हालचाल चाकावर लवकर कळते. आपल्याच लेनमध्ये किंचित बाजूला सरकावं, म्हणजे त्या चालकाच्या नजरेत हालचाल भरते. आणि कारवाला आपल्याकडे बघतोय म्हणजे त्याला आपण दिसलो, असं धरून चालू नये.

नागपूरच्या रस्त्यांचं एक स्वतंत्र प्रकरण आहे, ते म्हणजे सिमेंट रस्त्याची कड. शहरात जिथे जुन्या डांबरी रस्त्यावर सिमेंटचा थर चढला, तिथे अनेक ठिकाणी रस्ता उंच आणि बाजूची जमीन किंवा गट्टू खाली राहिले. बससाठी किंवा थांबलेल्या ऑटोसाठी दुचाकीवाला कडेला उतरतो आणि वेग कमी न करता तिरका परत वर चढायला जातो. पुढचं चाक कडेवर चढत नाही, कडेला घासत पुढे सरकतं. हँडल एकीकडे आणि अंगाचा तोल दुसरीकडे. नशीब असेल तर चाक उडी मारून वर येतं आणि माणूस म्हणतो, ‘वाचलो.’ नसेल तर तो रस्त्याच्या आतल्या अंगाला, मागून येणाऱ्या गाडीसमोर पडतो. यावर उपाय साधा आहे. उतरल्यावर वेग मारायचा, मागे बघायचं आणि कडेला शक्य तितकं काटकोनात चढायचं. जागा नसेल तर उतरायचंच नाही, बसमागे थांबायचं. पाऊस सुरू झाला की पहिल्या सरींनंतरची ओली धूळ आणि तेल त्या कडेला आणखी निसरडं करतं. ही जागा मुलाच्या रोजच्या वाटेवर कुठे कुठे आहे, हे त्याला पाठ असलं पाहिजे.

ब्रेकचा सरावही याच सदरात येतो. एप्रिल 2019पासून 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा बंधनकारक झाली. मदत होते, पण हाताची सवय यंत्र देत नाही. सकाळी लवकर, रिकाम्या सरळ रस्त्यावर, हेल्मेट घालून, कमी वेगापासून सुरुवात करून पुढचा ब्रेक हळूहळू दाब वाढवत लावायचा सराव त्याला करू द्या. हेल्मेटबद्दल मी वेगळं काही लिहीत नाही. आयएसआय शिक्क्याचं हवं, पट्टा बांधलेलं हवं आणि मागे बसणाऱ्यालाही हवं. यात चर्चेला जागा नाही.

अनुभव दुसऱ्याला सांगितल्याने काय होतं, याचं उदाहरण नागपूरकरांना बाहेर शोधायला नको. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017मध्ये बंदी घातली, तरी संक्रांतीच्या दिवसांत तो आकाशात असतोच. या शहरात त्याने गळे चिरले आहेत, जीवही घेतले आहेत. पण गळ्यावर ओरखडा घेऊन घरी परतलेल्यांनी शेजाऱ्यांना, कामावरच्या मित्रांना सांगितलं, आणि जानेवारी आला की गळ्याभोवती जाड दुपट्टा गुंडाळणं, हँडलवर तारेची कमान लावणं, उड्डाणपूल टाळणं ही रीत पडत गेली. आपल्यावर बेतलेलं लोकांनी तोंडी सांगितल्याने ती पसरली.

आणि न सांगितल्याने काय होतं, ते विमानांच्या इतिहासात लिहिलेलं आहे. 1 डिसेंबर 1974 रोजी वॉशिंग्टनजवळ उतरू पाहणारं टीडब्ल्यूएचं एक विमान डोंगरावर आदळलं. 92 माणसं गेली. तपासात निघालं की सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचं विमान तिथेच, तशाच गैरसमजातून डोंगराला लागता लागता राहिलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. ती माहिती टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत मात्र पोचली नाही. त्यानंतर 1976मध्ये अमेरिकेत अशा टळलेल्या प्रसंगांची माहिती गोळा करणारी यंत्रणा उभी राहिली. ती नासा चालवते. सांगणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात, कारण शिक्षेच्या भीतीने माणूस बोलत नाही.

हीच गोष्ट घरातही लागू आहे. ‘थोडक्यात वाचलो’ असं सांगणाऱ्या मुलाला ‘तू वेगातच चालवत असशील’ म्हणून फैलावर घेतलं, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. तुमचा मुलगा सांगतो ही फार मोलाची गोष्ट आहे. ती टिकवा.

तेव्हा तुम्ही असं करा. पुढच्या वेळी तो सांगेल तेव्हा जेवण वाढता वाढता शांतपणे चार गोष्टी विचारा : जागा कुठली, वेळ काय, समोर काय आलं, आणि त्याआधी तू काय करत होतास. घरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात दोन ओळी लिहून ठेवा. त्याच्याबरोबर त्या वाटेने जाणाऱ्या मित्रांनाही लिहायला सांगा. दोन-तीन महिन्यांत एकच चौक किंवा एकच कड पुन्हा पुन्हा दिसू लागली, तर आधी त्याने तिथला आपला वेग आणि सवय बदलावी. आणि त्या सगळ्या तारखा-वेळा एका कागदावर उतरवून, चार-पाच सह्या करून, महापालिकेच्या तुमच्या झोन कार्यालयात आणि वाहतूक पोलिसांकडे लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.