डिलिव्हरीच्या गाडीने अपघातात कुणाचा जीव गेला तर? केस लांबण्याआधी तडजोड कशी होते



या आठवड्याचा विषय जड आहे, पण टाळून चालणार नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या धंद्याला एक छोटा हत्ती किंवा डिलिव्हरीची बाईक असते. त्या गाडीने अपघात झाला आणि समोरच्या माणसाचा जीव गेला, तर पुढे काय? गल्लीतला प्रत्येक जण एकच सल्ला देतो, "घरच्यांना पन्नास हजार देऊन मिटवून टाका." हा सल्ला माणूस म्हणूनही चुकीचा आणि धंदा म्हणूनही. का, ते बघू.

आधी हे समजून घ्या: केस एक नाही, दोन असतात

पहिली फौजदारी. ती पोलीस आणि ड्रायव्हर यांच्यात. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. दोन्ही पक्षांनी आपसात ठरवून हा गुन्हा मिटवता येत नाही. "पैसे दिले म्हणजे केस संपली" हा मोठा गैरसमज आहे.

दुसरी भरपाईची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली मृताचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करतात. त्यात ड्रायव्हर, गाडीचा मालक म्हणजे तुम्ही, आणि विमा कंपनी असे तिघे समोर असतात. गाडी तुमचा नोकर चालवत होता आणि तुमच्या कामावर होता, तर जबाबदारी तुमच्यावर येतेच. तडजोड होते ती या दुसऱ्या केसमध्ये.

भरपाईचा आकडा कुठून येतो?

हा आकडा कुणाच्या मनाचा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांत हिशोबाची पद्धत ठरवून दिली आहे. वही-पेन घ्या.

समजा मृत माणूस ३५ वर्षांचा, स्वतःचा छोटा व्यवसाय, महिन्याची कमाई २०,००० रुपये. घरी बायको, दोन मुलं आणि आई, म्हणजे चार जण अवलंबून.

१. वर्षाची कमाई: २०,००० × १२ = २,४०,०००
२. पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के जमा (स्वयंरोजगार, वय ४० च्या आत): ३,३६,०००
३. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा (अवलंबून असलेले चार ते सहा जण असतील तर): २,५२,०००
४. वयानुसार गुणक, ३१ ते ३५ साठी १६: २,५२,००० × १६ = ४०,३२,०००

याशिवाय अंत्यविधी, मालमत्तेचं नुकसान आणि जोडीदाराच्या सहवासाचं नुकसान यांच्या रकमा असतात. २०१७ साली त्या अनुक्रमे १५,०००, १५,००० आणि ४०,००० ठरल्या आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढवायच्या असंही त्याच निकालात आहे. वर दावा दाखल झाल्यापासूनचं व्याज.

आता सांगा, चाळीस लाखांच्या जागी पन्नास हजार! ज्या घरातला कमावता माणूस गेला, त्या घराला आपण काय देतोय याचा विचार करा.

तडजोडीचे दोन सरळ रस्ते

पहिला, विमा कंपनीचा प्रस्ताव. सुधारित कलम १४९ प्रमाणे कंपनीने दावे मिटवण्यासाठी अधिकारी नेमायचा असतो आणि तो तीस दिवसांत न्यायाधिकरणासमोर रक्कम देऊ करू शकतो. वारसांनी ती मान्य केली तर न्यायाधिकरण तडजोडीची नोंद करतं आणि ती नोंद मिळाल्यापासून जास्तीत जास्त तीस दिवसांत कंपनीने पैसे द्यायचे असतात. मान्य नसेल तर केस गुणदोषावर चालते. वारसांचा हक्क कुठेही बुडत नाही.

दुसरा, लोकअदालत. दावा दाखल झाल्यावर केस लोकअदालतीत ठेवता येते. तिथे दोन्ही बाजू तडजोड पुरसिसवर सह्या करतात आणि निवाडा होतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा आहे आणि त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी आकडा नीट तपासायचा, मग तुम्ही कुठल्याही बाजूचे असा.

तडजोडीत रक्कम पूर्ण हिशोबापेक्षा थोडी कमी का होते? कमाईचा पुरावा कच्चा असतो, मृताचीही काही चूक होती असा वाद असतो, आणि निकालाला वर्षं लागू शकतात. घरच्यांना पैसा लवकर मिळतो, समोरच्याचं व्याज वाचतं. देवाणघेवाण इथे आहे. पण "थोडी कमी" आणि "लुबाडणूक" यात फरक आहे.

घरी बसून स्टॅम्प पेपर का चालत नाही?

तीन कारणं. एक, वारसांत अज्ञान मुलं असतील तर त्यांच्या वतीने तडजोड करायला न्यायालयाची परवानगी लागते. मुलांच्या वाट्याची रक्कम सहसा मुदत ठेवीत टाकायला सांगतात. दोन, विमा पॉलिसीत स्पष्ट अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय मालकाने चूक कबूल करायची नाही, पैशाचं वचन द्यायचं नाही. ती मोडली तर कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं. तीन, असा कागद घेऊनही घरचे उद्या न्यायाधिकरणात जाऊ शकतात.

मग माणुसकीने मदत करायचीच नाही का? करा ना! दवाखान्यात धावून जा, घरच्यांना भेटा. फक्त पैसे द्यायचे असतील तर आधी कंपनीला लेखी कळवा, बँकेतून द्या, आणि बदल्यात कुठलीही सही मागू नका.

विमा नसेल किंवा अट मोडली असेल तर?

खरा धोका इथे आहे. विमा संपलेला असेल तर सगळी रक्कम मालकाच्या अंगावर. ड्रायव्हरकडे चालू लायसन्स नसेल तर बऱ्याचदा न्यायाधिकरण कंपनीला सांगतं, आधी वारसांना द्या, मग मालकाकडून वसूल करा. वसुली जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते. आणि तुमचा धंदा प्रोप्रायटरशिप असेल तर दुकान वेगळं, घर वेगळं असं कायदा मानत नाही.

अशा वेळी पळू नका. वकील घ्या, लोकअदालतीत हप्त्यांची तडजोड मागा. झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा आणि तो चुकवू नका.

आणखी एक. जुनी गाडी विकली पण आरसी बुकवर नाव तुमचंच आहे? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार प्रकरणात सांगितलंय, नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक. गाडी तिसऱ्याकडे गेली तरी.

आजचा गृहपाठ

- विम्याची शेवटची तारीख मोबाईलमध्ये एक महिना आधीच्या आठवणीसह टाका.
- गाडी मालवाहतुकीला वापरता तर पॉलिसी आणि नोंदणी त्याच वापराची आहे का, बघा.
- प्रत्येक ड्रायव्हरच्या लायसन्सची प्रत फाईलला लावा, मुदत तपासा.
- विकलेल्या गाडीचं नाव आरटीओत बदललं का, खात्री करा.
- गाडीत एक चिठ्ठी ठेवा: आधी जखमीला दवाखाना, मग पोलीस, मग विमा कंपनीला लेखी खबर.

अपघात झालाच तर वरची माहिती वकिलाशी बोलताना उपयोगी पडेल, वकिलाची जागा मात्र घेणार नाही. आणि वकिलाची फी परवडत नसलेलं एखादं कुटुंब तुमच्या ओळखीत असेल, तर त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता द्या. पात्र लोकांना तिथे मोफत वकील मिळतो. समोरचं घर सावरलं, तरच आपणही रात्री नीट झोपू शकतो.