गावचा ठेवा व डिजिटल साधने : शिक्षकांसाठी एक अभ्यासपाठ

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे अध्यापनाचे सूत्र आपण सर्व शिक्षक जाणतोच. भूगोल शिकविताना प्रथम शाळेचे अंगण, मग गाव, मग तालुका, असा क्रम आपण घेतो. परंतु डिजिटल साधने वर्गात आली तेव्हा हा क्रम पुष्कळदा उलटा झाला. दूरच्या देशांची चित्रे पडद्यावर सहज दिसू लागली. आपल्याच खोऱ्यातील गाणी, शेतांची नावे व वडीलधाऱ्यांच्या आठवणी मात्र तेथे क्वचितच आढळतात. असे का होते व ह्या बाबतीत प्राथमिक शिक्षकाचे कर्तव्य कोणते, ह्याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

धोरण काय सांगते?

केंद्रीय मंत्रिमंडळाने 29 जुलै 2020 रोजी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. त्याचे 22 वे प्रकरण भारतीय भाषा, कला व संस्कृती ह्यांविषयी आहे. देशातील सर्व भाषा व त्यांच्याशी निगडित कला ह्यांची नोंद संकेतस्थळावर व्हावी, तीत विशेषतः वृद्ध मंडळींचे बोलणे, कथा व लोकगीते ध्वनिमुद्रित असावीत आणि देशभरच्या लोकांनी तीत भर घालावी, असे तेथे म्हटले आहे. शिक्षकांसाठी ‘दीक्षा’ हे व्यासपीठ 2017 पासून चालू आहे. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय 2018 मध्ये देशास अर्पण झाले. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ योजनेखाली एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन करण्याचे जाहीर झाले. ही सारी मोठी कोठारे होत. परंतु कोठार कितीही मोठे असले तरी खळ्यावरून धान्य आल्यावाचून ते भरत नाही. आपले खळे म्हणजे गाव, आणि तेथील राखणदार म्हणजे शाळा.

पानशेत खोऱ्याची निकड

आंबी नदीवरील पानशेतचे धरण 12 जुलै 1961 रोजी फुटले. त्याच दिवशी खडकवासल्याचे धरणही भंगले व पुणे शहर जलमय झाले. शहराच्या त्या आपत्तीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु धरणासाठी ज्यांनी आपली घरे व जमिनी सोडल्या, त्यांच्या गावातील आळी, देवळे, पाणवठे व शेतांची नावे ह्यांची नोंद त्या मानाने फारच थोडी. पुढे धरण पुन्हा बांधले गेले. आज त्याचा जलाशय तानाजीसागर ह्या नावाने ओळखला जातो. 1961 साली जी मुले दहा वर्षांची होती, ती आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत. जुलै 2025 मध्ये राजगडाचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला, ही आपल्या तालुक्याला भूषणावह गोष्ट होय. गडाचे दगड आणखी कित्येक पिढ्या टिकतील. गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आजीच्या कंठातील ओवी मात्र तिच्याबरोबरच जाईल.

एक अनुकरणीय उदाहरण

घरोघरी जाती फिरत होती तोवर मुलगी आईच्या शेजारी बसून ओव्या शिकत असे. पिठाच्या गिरण्या आल्या आणि ही शाळा बंद पडली. हे ओळखून पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटवॅं ह्या अभ्यासकांनी 1980 च्या दशकात जात्यावरच्या ओव्या जमविण्यास आरंभ केला. गावोगावच्या स्त्रियांच्या साहाय्याने महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी गोळा केल्या; आपल्या जिल्ह्यातील मुळशीसारख्या डोंगरी भागाचा त्यात मोठा वाटा आहे. बर्नार्ड बेल ह्यांनी त्यांची संगणकीय मांडणी केली. 2017 पासून ‘पारी’ ह्या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होत आहेत. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव व गाव दिलेले असते, ही त्यातील मुख्य शिकवण होय. नाव, गाव व दिनांक ह्यांवाचून असलेली नोंद पुढील अभ्यासकास निरुपयोगी ठरते.

पाठाची कार्यपद्धती (इयत्ता 4 थी व 5 वी)

1. पूर्वतयारी : संकेतस्थळावरील दोन ओव्या वर्गात ऐकवाव्यात. गावात संपर्क मिळत नसेल, तर मिळेल तेथून त्या आधीच भ्रमणध्वनीत उतरवून आणाव्यात. जाते, खुंटा, माहेर, बंधू हे शब्द मुलांकडून स्पष्ट करून घ्यावेत.

2. भेट : प्रत्येक मुलाने घरच्या वा शेजारच्या आजीआजोबांना तीनच प्रश्न विचारावेत. दळताना काय गात होता? आपल्या शेताचे नाव काय व ते का पडले? पाणी येण्यापूर्वी गाव कोठे होते?

3. नोंद : आजींच्या तोंडचा शब्द जसा आला तसाच लिहावा, तो ‘शुद्ध’ करू नये. ध्वनिमुद्रणाच्या आरंभी नाव, गाव व दिनांक उच्चारावा.

4. संमती : ओवी परंपरेची असली तरी आवाज त्या व्यक्तीचा असतो, आणि सादरीकरणावर कलावंताचा हक्क कॉपीराइट कायद्याने मानला आहे. म्हणून ते प्रसृत करण्यापूर्वी परवानगी घ्यावी. कोणी नको म्हटल्यास आग्रह धरू नये.

5. जतन : एकाच भ्रमणध्वनीत ठेवलेले मुद्रण म्हणजे जतन नव्हे. यंत्र बिघडले की सर्व गेले. दोन निरनिराळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात व शाळेच्या एका जाड वहीत तीच माहिती शाईने लिहून काढावी.

ह्या पाठाने भाषेचा, परिसर अभ्यासाचा व इतिहासाचा तास एकत्र साधतो. पाचसात मुलांच्या शाळेतही तो सहज घेता येतो. किंबहुना तेथे तो अधिक चांगला होतो, कारण प्रत्येक मुलाच्या घरी शिक्षकास स्वतः जाता येते.

स्वाध्याय

(अ) आपल्या शाळेच्या जुन्या पटनोंदवहीत गावाबाहेर गेलेल्या कुटुंबांच्या ज्या नोंदी असतील त्या पाहाव्यात व त्यांवरून कोणकोणत्या वृद्धांस भेटता येईल ह्याची यादी करावी.

(आ) गावातील दहा शेतांची नावे व त्यांमागील कारणे लिहावीत.

(इ) वरील पाठ घेऊन आलेल्या अडचणी पुढील केंद्र-संमेलनात मांडाव्यात. पहिली भेट मात्र गावातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस, आणि ह्याच महिन्यात द्यावी.